गरम राहणारं भांडं घेताय? आधी झाकण बघा

गौरीच्या जेवणाला पहिली पंगत साडेबाराला बसते, ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून येणारे दोनला उगवतात आणि वाढणाऱ्या बायका तीन वाजता पानावर बसतात. तोवर आमटी दोन-तीनदा गॅसवर चढून आटलेली असते, भाताचा वरचा थर वाळलेला असतो आणि पोळ्या वातड. केटरिंगवाल्यांसारख्या स्पिरिटच्या दिव्यावरच्या डिश घरात मांडायला जागा नसते. दहा-पंधरा पानांच्या घराला उपाय म्हणजे तीन-चार बरे कॅसरोल, आणि ते बेताच्या पैशांत मिळतातही. अडचण अशी की दुकानात सगळे सारखेच दिसतात आणि खोक्यावर सगळ्यांच्याच ‘तासन्‌तास गरम’ लिहिलेलं असतं. दरवर्षी हे कुळाचार निभावताना, आणि नव्याने संसार थाटणाऱ्या भाच्या-पुतण्यांबरोबर खरेदीला जाताना, जे कळत गेलं ते क्रमाने लिहिते आहे.

कॅसरोल अन्न गरम करत नाही. आत जी उष्णता गेली ती बाहेर पडायला उशीर लावतो, एवढंच त्याचं काम. त्यामुळे उष्णता कुठून निसटते ते आधी बघायचं: झाकण, मग भिंतीत काय भरलंय, मग माप. फुलांची नक्षी आणि कंपनीचं नाव त्यानंतर.

खरेदीला जाताना पिशवीत काय हवं

- मोजपट्टी, शिवणकामाची टेप चालेल
- तुमच्या घरच्या पोळीच्या आकाराचा कापलेला कागद. हसू नका, याने सगळ्यात जास्त काम होतं
- फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक
- फोनमध्ये भारतीय मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ अ‍ॅप
- मोडीत घालायची जुनी स्टील-पितळेची भांडी असतील तर ती

घरी आणल्यावर चाचणी घ्यायला स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर असला तर उत्तम. नसला तरी अडत नाही.

१. आधी माळा बघा

लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला आहेरात कॅसरोलचा संच आला नाही असं घर मी पाहिलेलं नाही. खोक्यासकट माळ्यावर पडलेला असतो. तो खाली काढा. झाकण लावून भांडं कानाशी हलवा. भिंतीच्या आत पाणी खळखळलं तर जोड उघडलाय, ते भांडं अन्नासाठी बाद. झाकण डुगडुगतं का, आतल्या स्टीलला खड्डे किंवा गंजाचे ठिपके आहेत का, प्लॅस्टिकला खवट वास येतो का, ते बघा. वास साध्या कोंदटपणाचा असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसून घ्या आणि दोन दिवस झाकण उघडं ठेवून वाळवा, जातो. नुसता पोळ्यांचा डबा सापडला तरी खर्चाचा एक आकडा कमी झाला.

२. माणसं मोजा, मग लिटर

दुकानात ‘किती लिटरचा दाखवू?’ हा पहिला प्रश्न येतो आणि आपण अंदाजाने ‘मध्यम’ म्हणतो. त्याऐवजी घरची वाटी धरून हिशेब करा. वाटी साधारण १५० मिलीची धरू.

पानात पोळ्या असतील तर माणशी अर्धी वाटी तांदूळ पुरतो. तांदूळ शिजून तिप्पट होतो, म्हणजे माणशी दीड वाटी भात, २२५ मिली. दहा माणसांचा सव्वादोन लिटर. वरण किंवा आमटी माणशी दीड वाटी धरली तर तीही सव्वादोन लिटरच. सुक्या भाजीला दहा जणांत दीड लिटर पुष्कळ. म्हणजे दहा पानांना अडीच लिटरची दोन, दीड लिटरचं एक आणि पोळ्यांचा डबा.

आता बाजारातले तयार संच बघा. तीन भांडी, एकात एक बसणारी, अर्धा, एक आणि दीड लिटरची. खोकं मोठं, भाव आकर्षक, पण त्यातल्या सगळ्यात लहान भांड्यात दहा माणसांची काय चटणी ठेवणार? संच घ्यायचाच तर त्यातली किती भांडी खरोखर वापरात येतील ते मोजून भाव त्यांवर वाटा. बहुतेक वेळा सुटी भांडी परवडतात.

वीस-पंचवीस माणसांसाठी एकच पाच लिटरचं घ्यायचं की अडीचची दोन? मोठं भांडं जास्त वेळ गरम राहतं, हे खरं. आत ऐवज जास्त आणि त्या मानाने बाहेरची बाजू कमी. पण पंगतीत ते पुन्हा पुन्हा उघडलं जातं आणि प्रत्येक उघडण्याला वाफ जाते. मी दोन घेण्याच्या मताची आहे. एक वाढपात, दुसरं झाकण न काढता आत ओट्यावर.

पोळ्यांच्या डब्याला मात्र लिटर विचारूच नका. कागद काढा आणि डब्याच्या तळाशी टेकवा. सात इंची पोळी म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटर. तळाचा आतला व्यास त्याहून बोटभर जास्त हवा. बरेच डबे वर रुंद आणि तळाशी निमुळते असतात, त्यामुळे वरून माप बरोबर वाटतं आणि घरी खालच्या चार पोळ्यांच्या कडा वर वळतात. ऑनलाइन घेताना दिलेला व्यास बहुधा बाहेरचा असतो. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा, नाहीतर पोळी दुमडून ठेवायची तयारी ठेवा.

३. भिंतीत काय आहे ते विचारा

स्वस्त ते महाग असे चार प्रकार सर्रास मिळतात.

बाहेर-आत दोन्ही प्लॅस्टिक: सगळ्यात हलकं, सगळ्यात स्वस्त. हळद-तेलाचे डाग आत कायमचे बसतात. पोळ्यांपुरतं ठीक. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गरम अन्नाला वापरतात ते. काही खूणच नसेल तर घेऊ नका.

बाहेर प्लॅस्टिक, आत स्टील, मध्ये पफ: पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस. यात हवा बारीक बारीक कप्प्यांत अडकलेली असते, हलत नाही, म्हणून उष्णता वाहून नेत नाही. बेताच्या बजेटला हाच प्रकार योग्य.

बाहेर-आत दोन्ही स्टील: दिसायला झकास, पडलं तरी फुटत नाही. पण यातच फसगत जास्त. काहींत पफ असतो, काहींत नुसती पोकळी. तुळशीबागेत ऐकू येणारा संवाद असा:

‘‘ताई, हे घ्या, सहा तास गरम राहतं.’’

‘‘आत पफ आहे की पोकळ?’’

‘‘डबल वॉल आहे ना!’’

म्हणजे पोकळ. पफ असता तर त्याने तेच आधी सांगितलं असतं. पोकळीतली हवा गोल फिरत राहते आणि आतल्या भिंतीची उष्णता बाहेरच्या भिंतीला नेऊन देते. खात्री करायला बोटाच्या पेराने भांड्याच्या पोटावर टकटक करा. पोकळ भांडं टणटणतं, पफवालं ‘धप्‌’ असा बसका आवाज देतं. तळावर आणि झाकणावरही वाजवून बघा, कारण काही भांड्यांच्या फक्त भिंतीत पफ असतो. दोन भांडी शेजारी ठेवून वाजवलीत की फरक लगेच कळतो. दुकानदारही मग वेगळ्या फळीवरचा माल काढतो.

व्हॅक्युमवालं स्टील: भिंतींमधली हवाच काढून टाकलेली. उष्णता उत्तम धरतं, किंमतही तशीच. रोजच्या दोन माणसांच्या डाळीला कोणी भेट दिलं तर घ्या. पंगतीच्या मापात ते बजेटबाहेर जातं.

पूर्ण स्टीलच्या भांड्यांत आणखी एक गोष्ट बघायची, काठ. आतला पत्रा सरळ काठावरून बाहेर वळवलेला असेल तर उष्णता त्याच पत्र्यातून बाहेर चालत येते आणि काठ हाताला चटका देतो. काठाला प्लॅस्टिकची कड असेल तर ती वाट तुटते.

४. झाकण, झाकण, झाकण

वाफ वर जाते. भांड्याला दीड इंच भिंत आणि वर एकपदरी झाकण असेल तर भिंतीचे पैसे वाया. तरी दुकानात सगळे भांड्याच्या पोटाकडे बघतात आणि झाकण बाजूला ठेवतात.

झाकण हातात घ्या. एकपदरी आहे का? दुपदरी असेल तर मध्ये फेस आहे का? त्यावरही टकटक. मग झाकण लावून, मूठ धरून फक्त झाकणाने भांडं थोडं उचला. फिरकीचं किंवा क्लिपचं असेल तर घट्ट बसलं पाहिजे. नुसतं ठेवायचं झाकण असेल तर ते डुलता कामा नये. काचेचं पारदर्शक झाकण मोहात पाडतं, न उघडता आतलं दिसतं हा फायदाही खरा, पण एकपदरी काच उष्णता फार लवकर घालवते. भाजीला चालेल, भाताला नको.

मूठ स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रूच्या जागी आत पाणी शिरतं का ते बघा. झाकणाला वाफेसाठी बारीक छिद्र किंवा उघडझाप करणारी खिट्टी असेल तर चांगलंच: गरम भात भरून घट्ट झाकण लावलं की वाफ थंड होताना आत ओढ तयार होते आणि झाकण असं चिकटतं की दोघांना धरून ओढावं लागतं.

५. स्टील आणि शिक्का

लोहचुंबकाबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. ‘चिकटलं नाही म्हणजे ३०४’ असं दुकानदार छातीठोक सांगतो. ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, ज्याला १८/८ म्हणतात. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेलं स्वस्त २०२ सुद्धा चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा दाबून खोल भांडं केलं की वळणावर थोडं चिकटूही शकतं. त्यामुळे चुंबकाने फक्त इतकं कळतं की चांगलं घट्ट चिकटलं तर ते ४३० सारखं बिननिकेलचं स्टील आहे. ते विषारी वगैरे नसतं, पण चिंच-कोकमाच्या पदार्थांना तितकं टिकत नाही. आमटी, सांबार, कढी ठेवायच्या भांड्याला ३०४ मागा. पोळ्यांना कुठलंही चालतं.

शिक्क्याचा भरवसा चुंबकापेक्षा जास्त. केंद्र सरकारने २०२३ मध्ये घरगुती वापराच्या इन्सुलेटेड फ्लास्क, बाटल्या आणि डब्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, २०२४ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठीही. खोक्यावर किंवा तळाशी आयएसआय चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका. परवाना कोणाचा आणि कशासाठी आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर भांडं खाली ठेवा, वाद घालत बसू नका.

६. कुठे आणि कितीला

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, नाशकात भांडी बाजार, नागपुरात इतवारी. इथे हाताळून बघता येतं, टकटक करता येते. दीड लिटरचा, आत स्टील-बाहेर प्लॅस्टिकचा एक कॅसरोल साधारण ४०० ते ७०० रुपयांत बसतो. अडीच लिटरचं पफवालं पूर्ण स्टीलचं भांडं हजारापासून पुढे. छापील किमतीवर जाऊ नका, ती सहसा फुगवलेली असते.

जुनी भांडी मोडीत घालणार असाल तर मोडीचं वजन आणि दर आधी ठरवा, नव्या भांड्याचा भाव नंतर. दोन्ही एकत्र बोललात की हिशेब कुठे फिरला ते कळत नाही. आणि दारावर येणाऱ्या बोहारणीकडे जुन्या साड्यांवर मिळणारा चकचकीत डबा बहुतेक वेळा एकपदरी झाकणाचा निघतो. साडीचीच किंमत गेली म्हणून सोडून द्यायचं, पण आमटी त्यात ठेवायची नाही.

मिल्टन, सेलो, बोरोसिल ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. मात्र एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत झाकण आणि भिंत वेगळी असू शकते, म्हणून नाव बघून डोळे मिटू नका. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख मारून घ्या. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क असायलाच हवा. दुकानदार हात झटकायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

७. घरी पाण्याची परीक्षा

बदलून घ्यायची मुदत असतानाच हे करा. उकळतं पाणी भांड्यात तीन-चतुर्थांश भरा, झाकण लावा, वेळ लिहा. दोन तासांनी उघडून थर्मामीटर घाला. खोक्यावरचा ‘सहा तास’ हा काठोकाठ भरलेल्या आणि मधे न उघडलेल्या भांड्याचा दावा आहे असंच धरून चाला.

६० अंश हा आकडा लक्षात ठेवा. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणीच दोन तासांत साठाच्या आसपास आलं तर भाताची काय कथा. भात चमच्याने भरतानाच बराच निवतो. भाताबद्दल जरा जास्तच काळजी घ्या, कारण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात त्याने केलेलं विष नंतर गरम करून जात नाही. सकाळचा कोमट राहिलेला भात संध्याकाळी कॅसरोलमधूनच काढून वाढणं म्हणूनच बंद करा.

थर्मामीटर नसेल तर नवं आणि जुनं भांडं एकाच वेळी भरा आणि दोन तासांनी दोन्हींतलं पाणी वाटीत काढून वाफ बघा. बाहेरून भांडं कुठे गरम लागतं तेही हाताने चाचपा. जिथे गरम लागतंय तिथून उष्णता गळते आहे.

८. भरायचं कसं

चांगलं भांडंही चुकीचं भरलं तर उपयोगाचं नाही. भरण्याआधी पाच-दहा मिनिटं त्यात उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, मग ओतून, कोरडं पुसून लगेच भरा. गार स्टील पहिल्याच मिनिटात आमटीची बरीच उष्णता पिऊन टाकतं. आमटी गॅसवरून उतरवतानाच ओता, ‘जरा निवू दे’ नको. भांडं निम्म्याहून कमी भरत असेल तर लहान भांडं घ्या.

पोळ्यांचं उलटं आहे. तव्यावरची पोळी थेट डब्यात टाकून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि टपटप वरच्या पोळीवर पडतात. खालच्या पोळ्या स्वतःच्याच वाफेने चिकट होतात. पोळी जाळीवर किंवा कागदावर अर्धा मिनिट वाफ सोडू द्या, मग डब्यात. तळाशी सुती फडकं, वर त्याचीच चारी टोकं दुमडून झाकलेली, मग झाकण. धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचं किंवा पंचाचं फडकं सगळ्यात छान, नवं कोरं कापड पाणी शोषत नाही. पुरणपोळीला तर हे हवंच, आणि दोन-तीन पोळ्यांमागे एक कागद घाला, नाहीतर काढताना पुरण बाहेर येतं.

भाकरी डब्यात घालूच नका. ती दुरडीत फडक्याखालीच बरी.

पुऱ्या, भजी, वडे, कुरडया: झाकणबंद भांड्यात दहा मिनिटांत लोळागोळा. तळण गरम हवं असेल तर शेवटी तळणं हाच उपाय, त्याला कुठलंही भांडं पर्याय नाही.

मसालेभात भांड्यातही शिजत राहतो, म्हणून किंचित कण्या असताना उतरवा. मटार आणि पालेभाजी झाकून गरम राहिली की हिरवेपणा जाऊन काळवंडते; रंग हवा असेल तर पंगत बसताना करा. उकडीचे मोदक राहतात, पण तळाशी केळीचं पान आणि वर ओलसर फडकं ठेवून, एकच थर.

९. धुणं आणि ठेवणं

पाण्यात बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका, गॅसवर तर अजिबात नाही, आणि आत स्टील असेल तर मायक्रोवेव्हमध्येही नाही. मोलकरीणबाईंना हे एकदा नीट सांगा, कारण सवयीने सगळी भांडी बादलीत भिजत जातात. जोडातून पाणी आत गेलं की ते बाहेर येत नाही. मऊ स्पंज, कोमट पाणी, लगेच पालथं. झाकण लावून ठेवू नका, आडवं टेकवून ठेवा.

नाव घालायचं असेल तर पफच्या भांड्यावर चालतं, व्हॅक्युमवाल्यावर नाव घालायचं मशीन लावू देऊ नका. शेजारी प्रसाद पाठवायचं भांडं असेल तर नाव झाकणावरही घाला. भांडी परत येतात, झाकणं फिरत राहतात.

गौरी गेल्या की हे सगळं परत माळ्यावर चढवू नका. डिसेंबर-जानेवारीत दही लागत नाही तेव्हा कोमट दुधाला विरजण लावून रात्री दीड लिटरच्या कॅसरोलमध्ये ठेवा आणि हलवू नका, सकाळी घट्ट लागलेलं असतं. आंबट व्हायच्या आत दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाका.